नुसतं उभं राहणं

कुणी ‘काय करतोयस?’ विचारलं तर ‘काही नाही, उभा आहे’ असं आपण सहज सांगून जातो. रांगेत, थांब्यावर, दाराची घंटा वाजवून आत हालचाल ऐकू येते का याचा कानोसा घेताना, सगळीकडे आपण ‘नुसते’ उभे असतो. बसणं ही विश्रांती, चालणं ही हालचाल, धावणं हा व्यायाम. उभं राहणं मात्र कशातच धरलं जात नाही. पायांच्या रचनेवर बोलणारेही बहुधा धावण्यावर आणि उड्यांवरच भरभरून बोलतात. मला विचाराल तर पायाची खरी हुशारी तो काही करत नसतो तेव्हा दिसते. आपला पाय पक्का आळशी आहे. जिथे हाडावर आणि हाडाला हाड बांधणाऱ्या चिवट अस्थिबंधावर भागत असेल तिथे तो स्नायूला हात लावू देत नाही.

सरळ, सैल उभ्या असलेल्या माणसाचं वजन जिथून खाली उतरतं, तिथून एक ओळंबा सोडला अशी कल्पना करा. तो खुब्याच्या सांध्याच्या किंचित मागून जातो, गुडघ्याच्या किंचित पुढून आणि घोट्याच्या चांगलाच पुढून. सगळी गंमत या मागे-पुढेमध्ये आहे. खुब्यात ओळंबा मागे पडतो म्हणून धड मागे कलंडू पाहतं. त्याला अडवायला खुब्याच्या पुढच्या अंगाला इलिओफेमोरल नावाचा अस्थिबंध ताणून बसवलेला आहे. शरीरातला सगळ्यात बळकट अस्थिबंध म्हणून त्याचं नाव घेतात. धड त्याच्यावर रेलतं, तो ताणला जातो, विषय संपला. अस्थिबंध थकत नाही, त्याला ताजं रक्त मागावं लागत नाही आणि तो कुरकुरतही नाही.

गुडघ्यात उलटा प्रकार. ओळंबा पुढून जातो, म्हणून गुडघा आणखी मागे ताठायला बघतो, पण सांध्यामागचं जाड आवरण आणि आतले अस्थिबंध त्याला एका मर्यादेपुढे जाऊ देत नाहीत. मग मांडीच्या पुढच्या भल्यामोठ्या स्नायूंना काम काय? जवळपास काहीच नाही. पटत नसेल तर आत्ता उभे राहा, पाय सैल सोडा, थोडं वाका आणि गुडघ्याची वाटी दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवा. हलते! आता मांडी मुद्दाम आवळा. वाटी जागच्या जागी घट्ट. म्हणजे मघाशी तुम्ही सगळं वजन घेऊन उभे होतात आणि ती वाटी ज्याच्या ताब्यात असते तो स्नायू चक्क झोपलेला होता.

मागून येऊन गुडघ्याच्या खोबणीत हळूच गुडघा मारून समोरच्याला बसवायची खोडी सगळ्यांना ठाऊक असते. ती जमते ती यामुळेच. गुडघा जरासा पुढे सरकला की तो ओळंब्याच्या पुढे जातो, ताठण्याऐवजी वाकायला लागतो आणि त्याला सावरायची जबाबदारी ज्याच्यावर, तो गाढ झोपेत. भलाथोरला पैलवानही यातून सुटत नाही.

गुडघ्यात आणखी एक बारकावा आहे. पाऊल जमिनीवर टेकलेलं असताना गुडघा पूर्ण सरळ करत नेला की अगदी शेवटच्या काही अंशांत मांडीचं हाड नडगीच्या हाडावर किंचित आतल्या बाजूला वळतं. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला दोन गोलसर उंचवटे असतात. त्यांतला आतला लांबीला जास्त असल्यामुळे हे वळण येतं. ते आलं की सांधा कडी लावल्यासारखा बसतो. आता चालायला सुरुवात करायची तर आधी ती कडी काढायला हवी. हे काम पॉप्लिटियस नावाचा एक लहानसा, चपटा, तिरपा स्नायू करतो. गुडघ्याच्या मागे अगदी तळाशी, पोटरीच्या मोठ्या स्नायूंच्या खाली तो दडलेला असतो. आरशात दिसत नाही, व्यायामशाळेत कुणी त्याची निगा राखत नाही, मापाची टेप त्याच्यासाठी कुणी गुंडाळत नाही. पण तो मांडीच्या हाडाला बाहेरच्या बाजूला जरासं फिरवतो आणि मगच गुडघा वाकतो. पायातल्या मोठमोठ्या मंडळींपेक्षा मला हा कोपऱ्यातला कारकून जास्त आवडतो.

तळपायाच्या कमानीबद्दलही असाच एक गैरसमज असतो. ती स्नायूंनी उचलून धरलेली असावी असं वाटतं. १९६३ मध्ये बास्माजियन आणि स्टेको या संशोधकांनी स्नायूंतल्या विजेच्या लहरी टिपत पायावर वजन वाढवत नेलं. नेहमीच्या उभं राहण्याइतकं वजन होतं तोवर स्नायू गप्पच होते, हाडं आणि अस्थिबंध परस्पर निभावून नेत होते. स्नायू कामाला लागले ते वजन १८० किलोच्या आसपास गेल्यावर. एका पावलातली २६ हाडं एकमेकांत अशी बसवलेली आहेत की साध्या उभं राहण्याची त्यांना पर्वा नाही.

मग आळशी पायात राबतं कोण? घोटा. तिथे ओळंबा पुढे पडतो, म्हणजे माणूस सतत तोंडावर आपटण्याच्या बेतात असतो आणि त्याला अडवायला तिथे कुठलाच अस्थिबंध ताणून ठेवलेला नाही. सगळी भिस्त पोटरीतल्या सोलियस या स्नायूवर. पोटरीचा वरून दिसतो तो फुगीर स्नायू वेगळा, सोलियस त्याच्या खाली असतो आणि दोघं मिळून टाचेवरच्या जाड धोंडशिरेला जोडलेले असतात. सोलियसमधले बहुतेक तंतू सावकाश चालणारे आणि न दमणारे. तो नडगीला मागून धरून ठेवतो. अनवाणी उभं राहून पोटरीवर बोटं ठेवा आणि अंग केसभर पुढे झुकवा, पोटरी टणक लागेल. केसभर मागे या, ती सैल पडेल आणि घोट्याच्या पुढे एक दोरी टरारून वर येईल. आपण स्थिर उभे आहोत असं वाटत असतं तेव्हाही हा पुढे-मागेचा झोका सुरूच असतो, फक्त तो आपल्या लक्षात येत नाही.

सोलियसकडे दुसरीही जबाबदारी आहे. आपण उठून उभे राहिलो की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त शरीराच्या खालच्या भागात उतरतं. ते वर न्यायचं तर चढ उभा. पोटरीच्या खोल शिरांत झडपा असतात आणि त्या फक्त वरच्या दिशेला उघडतात. स्नायू आवळला की शीर दाबली जाते, रक्त वर ढकललं जातं, मागे झडप मिटते. चालताना हे दर पावलाला आपोआप होतं. ताठ, निश्चल उभं राहिलं की पंप मंदावतो. संचलनाच्या मैदानावर धडधाकट जवान अचानक कोसळतात त्यामागचं एक मोठं कारण हेच. म्हणून तर अशा वेळी बुटातल्या बुटात बोटं हलवत राहावीत, पोटरी आवळत राहावी. तासभर चालून जेवढे पाय दुखत नाहीत तेवढे तासभर उभं राहून दुखतात, ही तक्रार मुळीच खोटी नाही.

यावर माणसाने आपल्या परीने तोडगा काढलेला आहे. जास्त वेळ थांबायचं झालं की कुणीही दोन्ही पायांवर सारखं उभं राहत नाही. एक पाय ताठ, दुसरा गुडघ्यात मोडलेला, कंबर एका बाजूला कललेली. शिल्पकारांना ही ढब फार पूर्वीपासून आवडते, शाळेतल्या शिक्षकांना अजिबात आवडत नाही. पण शास्त्र या बाबतीत शिल्पकारांच्या बाजूचं आहे. कंबर कलली की मांडीच्या बाहेरच्या अंगाने खुब्यापासून गुडघ्याखालपर्यंत गेलेला रुंद, चिवट पट्टा ताणला जातो आणि वजन त्याच्यावर सोपवून बाजूचे स्नायू मोकळे होतात. पुन्हा आळसच, पण काय नेमका आळस!

कंबर न कलवता खरोखर एका पायावर उभं राहून बघा म्हणजे फरक कळेल. त्याच बाजूच्या नितंबाच्या वर, बाहेरच्या अंगाला हात ठेवा. तिथे ग्लुटियस मीडियस हा स्नायू दगडासारखा झालेला असतो. तो नसेल तर कंबरेचं हाड दुसऱ्या बाजूला खाली झुकेल. १८९५ मध्ये ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शल्यचिकित्सकाने नेमकं हेच झुकणं रोगाची खूण म्हणून दाखवून दिलं आणि आजही खुबा तपासताना रुग्णाला एका पायावर उभं करतात. हा स्नायू सांध्याच्या फार जवळून ओढत असल्यामुळे त्याला जोर फार लावावा लागतो. परिणामी एका पायावर उभं असताना खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो.

हे सगळं निभावतं कारण आपले गुडघे धडाच्या खाली, जवळजवळ आहेत. मांडीचं हाड खुब्यापासून गुडघ्याकडे तिरपं आत येतं. गंमत म्हणजे हा तिरपेपणा आपण जन्माला येताना आणत नाही. तान्ह्या बाळाचं हे हाड सरळ असतं. मूल उभं राहतं, पडतं, चालतं आणि त्या वजनाने हाड वाढता वाढता तिरपं होत जातं. जी मुलं कधीच चालू शकत नाहीत त्यांच्यात तो तिरपेपणा येत नाही. १९७३ मध्ये इथिओपियातल्या हदार इथे मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड जोहान्सन यांना तीस लाखांहून अधिक वर्षं जुना एक गुडघ्याचा सांधा सापडला. कवटी नाही, दात नाहीत, नुसता गुडघा. पण हाडांचा तिरपेपणा बघून हा प्राणी दोन पायांवर चालत होता हे ओळखता आलं. चिंपांझीच्या मांडीचं हाड असं आत येत नाही. तो उभा राहतो तोही खुबा आणि गुडघे वाकवून, त्यामुळे मांडीला क्षणाची उसंत नसते.

राहता राहिला शरीरातला आकाराने सगळ्यात मोठा स्नायू, ग्लुटियस मॅक्सिमस, म्हणजे ज्याच्यावर आपण बसतो असं मानतो तो. उभं असताना त्याला चाचपून बघा (आजूबाजूला कुणी नाही याची खात्री करून). ढिला! सपाटीवर रमतगमत चालतानाही त्याला फारसे कष्ट नसतात. त्याला खरी जाग येते जिना चढताना आणि खोल सोफ्यातून उठताना. मांड्यांवर दोन्ही हात टेकून, ‘अगं आई गं’ करत उठणारी माणसं खरं तर त्याचंच थोडं काम हातांकडून करवून घेत असतात.