आण्णांनी न पाठवलेलं पुस्तक

२०१९ च्या डिसेंबरातली गोष्ट. कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, मराठी विभागातल्या माझ्या टेबलापाशी एक गृहस्थ येऊन उभे राहिले. पन्नाशी उलटलेली, खांद्याला कापडी पिशवी. "मराठी बोलणारं कुणी आहे का?" असं गेटपासून विचारत आले होते. मी "या, बसा" म्हटलं तसे ते खुर्चीत टेकले आणि मिनिटभर नुसते बसूनच राहिले.

सांगलीचे होते. वडिलांचा, म्हणजे आण्णांचा, पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनवरचा छापखाना. पावत्या, लग्नपत्रिका छापता छापता आण्णांनी पदरमोड करून अकरा पुस्तकं काढली. ऑगस्टच्या महापुरात कृष्णेचं पाणी घरात शिरलं. "पाणी उतरल्यावर गठ्ठे उचलायला गेलो, तर हातात लगदा आला, मॅडम. एक प्रत वाचली नाही." कलकत्त्याला प्रत्येक पुस्तकाची एकेक प्रत असते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. तेवढ्यावर पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेस पकडून ते आले होते.

सांगणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत स्वखर्चाने एक प्रत आमच्याकडे पाठवायची असते, तीही उत्तम कागदावरची, नकाशे-चित्रांसह, नीट बांधलेली. शिवाय चेन्नई, मुंबई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांना एकेक. न पाठवल्यास दंड ५० रुपयांपर्यंत आणि पुस्तकाची किंमत. एवढ्याशा दंडाला कोण भिणार? मोठ्या प्रकाशकांची पुस्तकं इतरत्रही मिळतात. तालुक्याच्या गावी निघालेलं, पाचशे प्रतींचं पुस्तक मात्र इथे आलं नाही तर बहुधा कायमचंच जातं. आणि नेमकं तेच येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

त्यांनी पिशवीतून वहीचं पान काढलं. त्यावर आठवून लिहिलेली अकरा नावं होती. आम्ही कार्डं चाळली, देशभरातून आलेल्या पुस्तकांची यादी असते त्या राष्ट्रीय ग्रंथसूचीचे जुने खंड काढले. या सूचीत मराठी नावंसुद्धा रोमन लिपीत छापलेली असतात. त्यांना ती लागेनात, म्हणून ते नाव उच्चारायचे आणि मी शोधायची. दुपारपर्यंत चार सापडली. वाचकाला आत कपाटांपर्यंत जाता येत नाही, चिठ्ठी भरून द्यावी लागते. चिठ्ठ्या घेऊन पुस्तकं काढून देणारे आमचे दादा आत गेले. त्यांना मराठी येत नाही, पण नंबरावरून ते अंधारातही पुस्तक काढतील.

पहिलं हातात आलं ते सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांवरचं, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांवरचं. चौसष्ट पानं, कागद तपकिरी, मधल्या दोन टाचण्या गंजलेल्या. त्यात पेवाचा उभा छेद काढला होता: तोंड अरुंद, पोट रुंद, तळाला आणि कडेला कसलं अस्तर द्यायचं ते बारीक टाइपात. ते बोट न टेकवता, वरूनच त्या चित्रावरून फिरवत राहिले. "या चित्राचा छपाईचा ब्लॉक आण्णांनी कोल्हापुरातून करून आणला होता," म्हणाले. २००५ च्या पुरात त्यातली बरीच पेवं पाण्याखाली गेली. या पुस्तिकेतला माणूस ती कशी खणायची ते अजून सांगतोय.

चारही प्रतींवरचे आमचे शिक्के १९६३ पर्यंतचे. पुढचं एकही नाही. ज्यासाठी ते खरं आले होते ते पुस्तक १९७१ चं होतं. त्यांच्या आईने शेजारपाजारच्या बायकांकडून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या. आम्ही नावाने शोधलं, आईच्या नावाने, छापखान्याच्या नावाने. ग्रंथसूचीचे पुढचे-मागचे खंड पाहिले. मुंबईच्या टाउन हॉलमधल्या ग्रंथालयात ते आधीच विचारून आले होते.

शेवटी तेच म्हणाले, "नसणारच. टपालखर्च वाढला तसं आण्णांनी पाठवणं बंद केलं. म्हणायचे, कलकत्त्यात मराठी कोण वाचतंय?"

मला राहवलं नाही. मी त्यांना सांगितलं की याच कोलकात्यापासून जवळ, श्रीरामपूरला, विल्यम केरीने वैजनाथ पंडितांच्या मदतीने १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० साली मोडी टाइपात मराठी कोश. तेव्हा मुंबईत मराठी छपाई धड सुरूही झाली नव्हती. १८३६ ची कलकत्ता पब्लिक लायब्ररी, १९०३ साली कर्झनने लोकांसाठी उघडलेली इंपीरियल लायब्ररी आणि १९५३ मध्ये बेल्वेडियरला वाचकांसाठी खुलं झालेलं हे राष्ट्रीय ग्रंथालय, सगळं एकाच धाग्यातलं आहे. इथे मराठी वाचणारे थोडे आहेत, हे खरंच. पण कुणीतरी सांगलीहून येईल, म्हणूनच ते ठेवायचं असतं. बोलून गेले आणि लगेच वाईट वाटलं, कारण त्यांच्या आईच्या ओव्यांना त्याचा काही उपयोग नव्हता.

ते जराही रागावले नाहीत. आठवल्या तशा सात-आठ ओव्या त्यांनी हलक्या आवाजात म्हटल्या. वाचनकक्षात बोलू देत नाहीत, म्हणून आम्ही बाहेर व्हरांड्यात उभे होतो. मी त्या लिहून घेतल्या, पण माझ्या डायरीत. ग्रंथालयात त्यांना जागा कुठून मिळणार, त्या पुस्तक होऊन आलेल्याच नव्हत्या.

पुस्तिकेचा कागद फार ठिसूळ होता, म्हणून झेरॉक्स नाकारून स्कॅनचा अर्ज भरून घेतला. निघताना त्यांनी विचारलं, "हे परत त्याच जागी जाईल ना?" मी पुस्तकाच्या पाठीवरचा नंबर दाखवला. त्यांनी खिशातलं पेन काढून तो वहीच्या पानावर उतरवला, दोनदा ताडून पाहिला आणि खाली आपल्या मुलीचं नाव लिहिलं.