पाच वर्षं गावाला यायचंच नाही का?

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या विट्यात पाऊल ठेवलं की हा प्रश्न येतोच. कुणाचा मुलगा नुकताच बर्मिंगहॅमला गेलेला असतो, कुणाच्या मुलीला लंडनचं स्थळ आलेलं असतं. चहा होतो, पाऊसपाण्याचं बोलून होतं, आणि मग घरातलं कुणीतरी विचारतं, "तिथं कायमचं राहायला मिळवायचं तर पाच वर्षं देश सोडता येत नाही म्हणे. खरं का?" मी नॉटिंगहॅमला इंजिनिअर आहे. गेलो तेव्हा आमच्या नोकरीच्या व्हिसाला टियर टू म्हणत, 1 डिसेंबर 2020 पासून तो स्किल्ड वर्कर झाला. पाच वर्षं भरल्यावर मला तिथली कायम वास्तव्याची परवानगी, म्हणजे आयएलआर, मिळाली. तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो. हे सगळं ब्रिटनपुरतंच आहे. कॅनडात उलटी तऱ्हा: तिथं पीआर, म्हणजे तिथली कायम वास्तव्याची परवानगी, आधी हातात पडतं आणि मग ते टिकवायला पाच वर्षांत 730 दिवस तिथं काढावे लागतात.

देश सोडता येतो. कुठल्याही बारा महिन्यांत मिळून 180 दिवसांपर्यंत बाहेर राहिलं तर चालतं. निघालात तो दिवस आणि परत पोचलात तो दिवस धरत नाहीत, मधले पूर्ण दिवसच मोजतात. ऐकायला हे भरपूर वाटतं. वर्षातले जवळजवळ सहा महिने! एवढी रजा कोण देतो?

गोम आहे ती "कुठल्याही" या शब्दात. जानेवारी ते डिसेंबर असं वर्ष धरायचं नाही, व्हिसा मिळाल्या तारखेपासूनही नाही. पाच वर्षांतला कोणताही दिवस घ्या, तिथून बारा महिने मागं जा. त्या टप्प्यात 180 च्या वर जाता कामा नये. समजा एकजण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये भावाच्या लग्नासाठी ऐंशी दिवस राहिला. नवं वर्ष लागलं, खातं कोरं झालं असं समजून फेब्रुवारीत परत आला आणि आई आजारी म्हणून मेच्या अखेरीपर्यंत एकशे दहा दिवस राहिला. कॅलेंडर बघितलं तर दोन्ही वर्षं निर्धास्त. पण ऑक्टोबर ते मे या एकाच टप्प्यात 190 दिवस झाले, आणि आधीची सलग वर्षं धोक्यात आली. हा सरकत्या टप्प्याचा हिशोब 11 जानेवारी 2018 पासून मिळालेल्या व्हिशांना लागतो. त्याआधी गेलेल्या एखाद्याने "आमच्या वेळी असं नव्हतं" म्हटलं तर तो खोटं बोलत नाही, पण त्याचा सल्लाही घेऊ नका.

न वापरलेले दिवस पुढं जात नाहीत. टेंभू सिंचन योजनेच्या पाण्याची पाळी चुकली म्हणून पुढच्या खेपेला दुप्पट पाणी सुटत नाही, तसंच हे.

आमच्या घरात हे कुणाला पटायचं नाही, आणि त्याला कारण आहे. खानापूर, आटपाडी, तासगावकडची कितीतरी घरं गलाईच्या धंद्यात. सोनं-चांदी गाळायला माणसं देशभर पांगलेली. माझे चुलते आयुष्यभर कोइमतूरला राहिले. दसऱ्याला रेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत बघायला यायचे, मनात असेल तर दिवाळी करून जायचे. परगावी राहणं म्हणजे काय हे आम्हाला शिकवायला नको, पण तिथं राहिलेल्या दिवसांचा हिशोब सरकारला द्यायची वेळ आमच्यातल्या कुणावर आली नव्हती. "लॅपटॉप आण की, इथं बसून काम कर," असं आण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे. पगार चालू असला तरी मी ब्रिटनच्या बाहेर असतो, आणि तो दिवस गैरहजेरीतच जातो. कंपनीने स्वतः जर्मनीला पाठवलं तरी तेच. तुम्ही का गेलात हे सहसा विचारात घेतच नाहीत.

सहसा म्हणतोय, कारण अपवाद आहेत. जवळच्या माणसाचं जिवावरचं दुखणं किंवा मृत्यू, स्वतःचा गंभीर आजार, नैसर्गिक आपत्ती, युद्ध, महामारी. करोनात, 2021 साली 23 एप्रिलला ब्रिटनने भारताला लाल यादीत टाकलं, ते 8 ऑगस्टपर्यंत. परत जायचं तर हॉटेलात दहा दिवसांचं विलगीकरण आणि एकट्या माणसाला 1750 पौंड. घरच्यांना बघायला आलेले किती जण तेव्हा अडकले! अशांसाठी ही तरतूद कामाची आहे. पण ती कागदांवर चालते: डॉक्टरांचं पत्र, मृत्यूचा दाखला, रद्द झालेली तिकिटं, आणि जे इंग्रजीत नाही त्याचं प्रमाणित भाषांतर. निर्णय समोरचा अधिकारी घेणार. माझं मत विचाराल तर अपवाद नाहीच असं समजून वागावं. मी मागच्या बारा महिन्यांच्या हिशोबात दोन महिने कायम बाजूला ठेवायचो. लग्नं, वास्तुशांती, जावळ, कशालाही त्यातला दिवस द्यायचा नाही. यावरून नातेवाईक रुसले, एक आतेभाऊ अजून टोमणे मारतो. पण आण्णांची बायपास मिरजेला झाली तेव्हा ते स्वतः उठून गोठ्यापर्यंत चालत जाईतो मी घरी होतो, आणि तारखा मोजत बसावं लागलं नाही.

आता सगळ्यात नाजूक विषय, बाळंतपण. मुलीकडच्यांनी हे कान देऊन ऐका. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बायकोलाही हेच 180 दिवस आणि तिची स्वतःची पाच वर्षं. आपल्याकडची रीत काय? सातव्यात ओटीभरण, मग माहेर, आणि बाळ तीन-चार महिन्यांचं झाल्यावर पाठवणी. बोटांवर मोजा, सहा महिने सहज पार होतात. म्हणजे नवऱ्याचा अर्ज वेळेवर, आणि बायकोचा मागं. शिवाय बाळ इथं जन्मलं की त्याचा पासपोर्ट, त्याचा व्हिसा. तो येईपर्यंत मुक्काम आणखी लांबणार. आमच्या घरात यावरून आठवडाभर अबोला चालला. शेवटी सासूबाईच व्हिजिटर व्हिसावर आल्या. त्यावर एका खेपेला साधारण सहा महिने राहता येतं. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, सगळं नॉटिंगहॅममध्ये झालं. धुरी देताना आगीचा अलार्म मात्र रोज वाजायचा.

व्हिसा मिळाल्यापासून विमानात बसेपर्यंतचे दिवसही गैरहजेरीत धरतात, हे फार कुणाच्या लक्षात येत नाही. "दिवाळी करून जा" म्हणून मुलाला दोन महिने ठेवून घेतलंत तर त्याच्या पहिल्या बारा महिन्यांतले तेवढे गेलेच. बाकी परीक्षा, कंपनीचं पत्र वगैरे होऊन जातं. 'लाइफ इन द यूके' मध्ये 24 प्रश्न, 45 मिनिटं, 18 बरोबर आले की पास. आपल्या पोरांना परीक्षांची कसली भीती! जुना पासपोर्ट रद्द झाला तरी टाकू नका, त्यातले शिक्के लागतात. प्रत्येक खेपेची जाण्या-येण्याची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवायची, पाच वर्षांनी आठवत नाही.

आणि पाच हा आकडा लग्नाच्या बैठकीत छातीठोकपणे सांगू नका. मे 2025 मध्ये ब्रिटिश सरकारने श्वेतपत्रिका काढली, त्यात सर्वसाधारणपणे पाचाची दहा वर्षं करायचा प्रस्ताव होता. अर्ज भरायच्या आधी त्या दिवशीचा नियम सरकारी संकेतस्थळावरच बघायचा. व्हॉट्सॲपवर आलेला नाही, आणि माझाही नाही.

परवानगी मिळाली की सुटलो का, हेही विचारतात. सलग दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिलं तर ती जाते. नागरिकत्व हवं असेल तर पुन्हा मोजणी: मागच्या पाच वर्षांत 450 दिवस, त्यातल्या शेवटच्या वर्षात 90. ते घेतलं की भारताचं नागरिकत्व सुटतं. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना भारत सरकार देतं ते, मिळतं, पण त्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते. आमच्याकडं द्राक्षाची बाग आहे, बांधाला लागून अजून एकरभर घ्यायचं आण्णांच्या डोक्यात आहे, त्यामुळे तो विषय सध्या मीच काढत नाही.

ज्यांचा मुलगा यंदा अर्ज करणार आहे त्यांच्यासाठी एवढंच: मुदत भरायच्या फार तर 28 दिवस आधी अर्ज करता येतो, आणि निकाल येईपर्यंत ब्रिटन सोडून भारतात आला तर अर्ज मागे घेतला असंच धरतात. दसऱ्याचं तिकीट काढायचंच असेल तर पैसे परत मिळणारं काढा, भले चार हजार जास्त जाऊ देत.