पॉवर विंडोचं मशीन घरी बदललं, त्याचा अनुभव

काच वर जात नाही म्हटलं की मोटर गेली, असं बहुतेक जण धरूनच चालतात. आमच्या गाडीची पुढची डावी काच ऐन पावसाळ्यात खाली बसली, तेव्हा गॅरेजमध्येही पहिल्यांदा तेच ऐकलं. पण बटण दाबलं की दरवाज्यात मोटर घरघर फिरत होती. मोटर फिरतेय आणि काच हलत नाही, म्हणजे दोष त्या दोघींच्या मधे, मशीनच्या तारेत. मशीन म्हणजे मोटरच्या जोरावर तारेने काच वर-खाली ओढणारी यंत्रणा.

आवाजच आला नसता तर शोध वेगळा झाला असता. आधी फ्यूज, मग बटण, मग दरवाजा आणि तो ज्यावर बिजागरीने बसतो तो गाडीचा खांब, यांच्यामधल्या रबरी नळीतल्या वायरी. दरवाजा सतत उघडमीट होऊन त्या तिथेच तुटतात. मोटरच्या कनेक्टरला मल्टीमीटर लावायचा. बटण वर दाबलं की 12 व्होल्ट आणि खाली दाबलं की उणे 12 दिसले, तर बटण आणि वायरिंग ठीक. या मोटरची दिशा प्लस-मायनसच्या अदलाबदलीनेच बदलते. एवढं तपासल्याशिवाय मोटर विकत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बॅटरीची मायनस टर्मिनल काढून कामाला लागलो. हँडलच्या वाटीतल्या छोट्या झाकणाखाली एक स्क्रू लपलेला असतो, तो सुटल्याशिवाय पॅड, म्हणजे दरवाज्याचं आतलं आवरण, ओढायचं नाही. मग खालच्या कडेत प्लास्टिकची पट्टी घालून एकेक क्लिप सोडवत वर यायचं. पॅड हातात आलं तरी झटक्यात दूर करू नये, मागे बटणाची वायर आणि लॉकची केबल अडकलेली असते.

पॅडच्या मागे चिकट काळ्या डिंकाने बसवलेला प्लास्टिकचा कागद असतो. काचेवरून ओघळणारं पावसाचं पाणी दरवाज्याच्या पोटात जातंच, ते खालच्या भोकांतून बाहेर पडावं अशीच रचना आहे. ते पाणी पॅडकडे आणि पायांखालच्या कार्पेटवर येऊ न देणं हे या कागदाचं काम. घाईत काम करणारे तो टराटरा फाडतात, मग पुढच्या पावसात गाडीत कुबट वास येतो आणि त्याचं कारण कोणाला सापडत नाही. मी हेअर ड्रायरने डिंक मऊ करत तो हळूहळू सोडवला. सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला, आणि तो द्यायलाच हवा.

आत पाहिलं तर तारेचे पदर सुटून कुंचल्यासारखे पसरले होते आणि वरची प्लास्टिकची पुली दुभंगली होती. हे पदर बोटात सुईसारखे घुसतात, म्हणून जाड हातमोजे घातले. काच मशीनच्या पकडीत 10 नंबरच्या दोन बोल्टनी बसलेली होती. ते सोडून काच दोन्ही तळव्यांनी वर सरकवली आणि दरवाज्याच्या चौकटीवरून रुंद टेपचे पट्टे मारून अडकवली. ही काच टफन्ड असते. कडेला फटका बसला तर पूर्ण काचेचा चुरा होतो.

जुनं मशीन काढून पुण्यात नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, गेलो. डाव्या-उजव्या बाजूचं मशीन वेगळं असतं, त्यामुळे नमुना शेजारी ठेवून मिळवलेलंच बरं. तिथेच पॅडच्या जादा क्लिपाही घेतल्या; काही तुटतातच.

जुनी मोटर नव्या मशीनला जोडली. काचेचे बोल्ट आधी सैल ठेवून, बॅटरी आणि बटण पुन्हा जोडून काच एकदा वर-खाली चालवली, ती चॅनलमध्ये, म्हणजे चौकटीतल्या रबरी खाचेत, सरळ बसल्यावरच ते आवळले. काच चालताना हात दरवाज्याच्या आत अजिबात नको, मोटरला बोट चेचण्याइतकी ताकद असते. चॅनलच्या रबराला सिलिकॉन स्प्रे मारला. इथे ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावतात ते चूक, त्याने रबर फुगतं आणि धूळ धरतं. मोटरवर जादा ताण येतो तो बऱ्याचदा या कोरड्या, मळलेल्या चॅनलमुळेच.

कागद पुन्हा सगळ्या कडांनी दाबून चिकटवला आणि पॅड लावण्याआधी काचेवर पाईपने पाणी सोडलं. खालच्या भोकांतून धार लागली, कागदाची आतली बाजू कोरडी राहिली, तेव्हाच क्लिपा ठोकल्या.

तुमच्या गाडीत तारेऐवजी कात्रीसारख्या हातांचं, स्प्रिंगचं मशीन असेल, तर ते हात घट्ट बांधल्याशिवाय मोटर सोडवू नका. स्प्रिंग ताणलेली असते, मोटर निघताच हात झपकन फिरतो. आणि दरवाज्यात एअरबॅगचा सेन्सर असेल, तर बॅटरी काढल्यावर काही मिनिटं थांबूनच पॅडला हात लावा.