विनोदी एलपी घ्यायची तर तिचे पॉज ऐकून घ्या

गाण्याची एलपी, म्हणजे प्लेअरवर सुईखाली वाजणारी मोठी तबकडी, थोडी खरखरत असली तरी निभावतं. तबला, व्हायोलिन, कोरस एकावर एक रचलेले असतात, त्याखाली बारीकसारीक आवाज झाकले जातात. स्टँडअप कॉमेडीच्या एलपीवर मात्र एक माणूस, एक माइक आणि समोर बसलेले लोक एवढंच असतं. वाक्य संपतं, माणूस गप्प होतो आणि त्या गप्प होण्यातून हशा उठतो. नेमकं तिथेच ‘टक्’ वाजलं तर विनोद गेला. पु.लं.च्या कथाकथनाच्या कॅसेटी ज्यांनी पाठ होईस्तोवर ऐकल्या आहेत, त्यांना पॉज म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. म्हणून जुन्या अमेरिकन विनोदी एलपी जमवायला निघालेल्यांना पहिलं सांगणं हेच, की कव्हर, लेबल, पहिली आवृत्ती वगैरे सगळं नंतर. आधी पॉज शाबूत आहेत का ते बघा.

अमेरिकन विनोदवीर बॉब न्यूहार्टची पहिली एलपी घ्या. शिकागोत अकाउंटंटची नोकरी केलेल्या या माणसाची ‘द बटन-डाउन माइंड ऑफ बॉब न्यूहार्ट’ फेब्रुवारी 1960 मध्ये ह्यूस्टनच्या टाइडलँड्स क्लबात रेकॉर्ड झाली आणि वॉर्नर ब्रदर्सने काढली. बिलबोर्ड या संगीतविषयक मासिकाच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेली ही पहिली विनोदी एलपी, आणि 1961 च्या समारंभात वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमीही तिलाच मिळालं. तिच्यातला पहिलाच प्रवेश असा: न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवरचा एक जाहिरातवाला गेटिसबर्गच्या भाषणाआधी अब्राहम लिंकनशी फोनवर बोलतोय. लिंकनचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. न्यूहार्ट गप्प राहतो, ‘हं’ म्हणतो, पुन्हा गप्प राहतो, आणि पलीकडून लिंकन काय म्हणाला असेल ते आपल्याला त्या शांततेत कळतं. अर्धा प्रवेश शांततेत घडतो. या एलपीची ओरखड्यांनी भरलेली प्रत म्हणजे अर्धी पानं फाटलेलं पुस्तक.

आता ओरखड्याचं गणित. एलपी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, म्हणजे एक फेरा 1.8 सेकंदांचा. सुई ज्या बारीक गोल रेघांतून फिरते त्या खाचांना ओरखडा आडवा गेला असेल तर दर 1.8 सेकंदांनी एक टक् येणार. वीस मिनिटांच्या बाजूवर साधारण 670 फेरे असतात आणि ते जेमतेम साडेआठ सेंटिमीटर रुंदीत बसवलेले असतात, म्हणजे मिलिमीटरला सात-आठ. त्यामुळे एक सेंटिमीटरचा आडवा ओरखडा पंचाहत्तरेक फेऱ्यांतून जातो आणि सव्वादोन मिनिटं घड्याळासारखा टकटकत राहतो. विनोदी एलपीच्या बाजू पुष्कळदा वीस मिनिटांहून लांब असतात. बोलण्यात ढोलाइतका खर्ज नसल्याने खाचा एकमेकींच्या अगदी लगत कोरता येतात. म्हणजे तोच ओरखडा इथे आणखी लांबतो.

विकणारे लोक गोल्डमाइन या संग्राहकांच्या मासिकाची श्रेणी लावतात: मिंट (नवीकोरी), निअर मिंट, व्हीजी (व्हेरी गुड) प्लस, व्हीजी, आणि मग खाली. रॉकच्या रेकॉर्डला व्हीजी खुशाल घ्या, विनोदी एलपीला व्हीजी प्लसच्या खाली उतरू नका. दुकानात असाल तर तबकडी कडांनी धरून एकाच झगझगीत दिव्याखाली तिरकी फिरवा. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात काही दिसत नाही. दिसलेल्या रेघेवरून नख अगदी हलकं न्या. नखाला लागली नाही तर बहुधा ती कागदी पाकिटाने घासलेली वरवरची रेघ असते आणि ऐकू येत नाही. लागली, तर ऐकू येणारच.

झीज मात्र डोळ्यांना दिसत नाही. ती ओळखायला बाजूची सुरुवात नको, शेवटची तीन मिनिटं वाजवून बघा. बाहेरच्या कडेला सुईखालून खाच सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर वेगाने जाते, आतल्या टोकाला जेमतेम 21. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेला असतो, त्यामुळे आत झीज आधी बोलते. त्यात विनोदवीराने आपला हुकमी प्रवेश शेवटाला ठेवलेला असतो, म्हणजे सगळ्यात मोठा हशा नेमका सगळ्यात नाजूक जागी. हशा फुटल्यावर तो लोकांचा वाटतो की तापल्या तेलात पाणी पडल्यासारखा चरचरतो, हे कान देऊन ऐका. ‘स’ आणि ‘श’ फुसफुसत असतील तर ती खाच गेली. धुऊन ती परत येत नाही.

रेड फॉक्स आणि मॉम्स मेबली या विनोदवीरांच्या जुन्या प्रती चांगल्या मिळणं यामुळेच अवघड. फॉक्सच्या डूटो लेबलवरच्या ‘लाफ ऑफ द पार्टी’पासून (1956) पार्टी रेकॉर्डची लाट उठली. नाव शब्दशः खरं होतं. दहा-पंधरा मंडळी जमली की स्वस्तातल्या प्लेअरवर, जड टोनआर्मखाली (सुई धरणाऱ्या दांडीखाली) त्या वाजायच्या. मेबलीच्या बऱ्याच एलपी चेसने काढल्या, म्हणजे शिकागोच्या ब्लूजवाल्या कंपनीने. या दोघांची प्रत स्वच्छ वाजत असेल तर कव्हर फाटकं असलं तरी उचला.

याच्या उलट टोकाला ‘द फर्स्ट फॅमिली’. व्हॉन मीडरने केलेली अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष केनेडी यांच्या घराण्याची नक्कल, कॅडेन्स लेबल, 1962. पंचाहत्तर लाखांच्या घरात खपली, अल्बमचं ग्रॅमी मिळालं आणि 22 नोव्हेंबर 1963 ला केनेडींची हत्या झाल्यावर दुकानांतून काढून घेतली. त्यामुळे ती दुर्मिळ असेल असं वाटतं, पण घराघरांत आधीच पोचलेली होती, म्हणून आज अमेरिकेत एक डॉलरच्या पेटीत हटकून सापडते. सावकाश निवडा, चकचकीत प्रत मिळेपर्यंत थांबा, जास्त पैसे मोजू नका. मात्र ऐकताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: ती 22 ऑक्टोबर 1962 च्या रात्री रेकॉर्ड झाली, केनेडींनी क्यूबातल्या क्षेपणास्त्रांबद्दल देशाला सांगितलं त्याच रात्री. स्टुडिओतल्या प्रेक्षकांच्या कानावर ती बातमी आलेली नव्हती. तो मोकळा हशा पुढे कुणाला तसा रेकॉर्ड करता आला नसता. अशा जागांसाठीच या तबकड्या पुन्हा पुन्हा ऐकाव्यात.

लेनी ब्रूसच्या फँटसी लेबलवरच्या सुरुवातीच्या मोनो (डावा-उजवा वेगळा नसलेल्या) एलपी पारदर्शक लाल व्हिनाइलवर आहेत. या तबकड्या वरून दिवा पाडून नीट तपासता येत नाहीत, दिव्यासमोर धरून आरपार बघाव्या लागतात. जॉर्ज कार्लिनची ‘क्लास क्लाउन’ (लिटल डेव्हिड, 1972) आणि स्टीव्ह मार्टिनची ‘लेट्स गेट स्मॉल’ (1977) या दोन्ही भरपूर छापल्या गेल्या, तिथे घाई करायचं कारण नाही. रिचर्ड प्रायरची 1974 ची एलपी, जिच्या नावातच वर्णद्वेषी शिवी आहे, आधी स्टॅक्सच्या पार्टी या उपलेबलवर आली आणि पुढच्या वर्षी रिप्रीझने पुन्हा काढली. ऐकायला घेणाऱ्याला रिप्रीझची प्रत पुरते. तो शब्द आपण पुन्हा वापरणार नाही असं आफ्रिकेच्या 1979 च्या प्रवासानंतर प्रायरनेच ठरवलं आणि सनसेट स्ट्रिपवरच्या कार्यक्रमाच्या 1982 च्या एलपीत ते बोलूनही दाखवलं. या दोन एलपी मागोमाग ऐकाव्यात. चीच आणि चाँगच्या ‘बिग बांबू’त (1972) सिगारेटचा भलामोठा कागद घातलेला होता. तो आत आहे का हे विकणाऱ्याला आधी विचारा, किंमत त्यावर ठरते.

माँटी पायथन या विनोदी मंडळीची ‘मॅचिंग टाय अँड हँडकरचिफ’ (1973) इंग्लंडची आणि स्टँडअपही नव्हे, पण संग्रहात हवीच. तिच्या एका बाजूवर दोन खाचा एकमेकींत गुंफून कोरल्या आहेत. सुई कुठे टेकते त्यावर कुठला मजकूर लागणार ते ठरतं. दुसरा मजकूर सापडत नसेल तर तबकडी खराब समजू नका, सुई उचलून काठावर पुन्हा टेकवा. चार-पाच प्रयत्नांत लागते.

आता सुई. 1960 च्या आगेमागे निघालेल्या बहुतेक विनोदी एलपी मोनो आहेत, आणि दोन्ही मिळत असतील तर मोनोच घ्या. एका माणसाच्या आवाजाला स्टीरिओ काही देत नाही. कव्हरवर ‘इलेक्ट्रॉनिकली रीचॅनल्ड’ असं असेल तर मूळ मोनोला ओढूनताणून स्टीरिओ केलेलं असतं आणि आवाज डबक्यातून आल्यासारखा लागतो. ती सोडून द्या. मोनो खाचेत आवाज फक्त आडव्या हालचालीत असतो. स्टीरिओ कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) मात्र उभी हालचालही टिपतं, आणि मोनो तबकडीत उभी हालचाल म्हणजे निव्वळ धूळ आणि झीज. अँप्लिफायरचं मोनो बटण दाबलं की डावा-उजवा एकत्र होऊन ती उभी खरखर आपसांत कटते. ऐकताक्षणी फरक कळतो. याहून पुढे जायचं असेल तर मोनोची 25 मायक्रॉनची गोल सुई लावा. नेहमीची स्टीरिओ सुई 18 मायक्रॉनची असते. जाड सुई खाचेत थोडी वर टेकते, आणि आधीच्या मालकाच्या सुईने न घासलेली भिंत पुष्कळदा तिथे शिल्लक असते. सुईचं तबकडीवर पडणारं वजन काट्यावर मोजूनच ठेवा. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम95ई या कार्ट्रिजला 2 ग्रॅम लागतात. कमी वजन म्हणजे तबकडीची काळजी असं पुष्कळांना वाटतं, पण हलकी सुई खाचेत नाचते आणि भिंती जास्त खाते.

धुण्याची कृती सोपी आहे, बिघडते ती प्रमाणात. 800 मिली डिस्टिल्ड वॉटर, 200 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि भांडी घासायच्या बिनरंगी, बिनवासाच्या लिक्विडचे फक्त दोन थेंब. घरच्या आरओचं पाणी नको, त्यात क्षार उरतात. बॅटरीत घालायचं पाणी चालतं, बाटलीवर डिस्टिल्ड लिहिलेलं बघून घ्या आणि ॲसिडची बाटली चुकून उचलू नका. कार्बन फायबरच्या ब्रशने आधी कोरडी धूळ काढा, नाहीतर पुढे तीच सँडपेपरचं काम करते. लेबल कोरडं ठेवून द्राव पसरा, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवा, मिनिटभर थांबा. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवा, मायक्रोफायबरने टिपा, ताटांच्या स्टँडवर अर्धा तास उभी ठेवा. साबण जास्त झाला किंवा धुणं एकदाच झालं तर सुकलेला थर खाचेत बसतो आणि दोन मिनिटांत सुईवर करडा गोळा जमतो. तसं दिसलं तर साध्या पाण्याने पुन्हा धुवा. आणि हा अल्कोहोलवाला द्राव 78 आरपीएमच्या लाखेच्या तबकडीला चुकूनही लावू नका, लाख विरघळते.

मुंबई-कोकणात राहणाऱ्यांना बुरशीचा त्रास ठरलेला. जुनं कागदी पाकीट ओल धरतं आणि बुरशीचे पांढरे ठिपके खाचांत उतरतात. धुतलेली तबकडी त्याच पाकिटात परत घालणं म्हणजे मेहनत पाण्यात. पॉलिथिनची अँटिस्टॅटिक पाकिटं घ्या. बाहेरची मऊ पीव्हीसीची झगमगीत कव्हरं टाळा, त्यांतलं रसायन व्हिनाइलवर ढगाळ डाग उमटवतं. एलपी उभ्याच ठेवा. एक फूट फळीवर सत्तर-ऐंशी मावतात आणि वजन पंधरा-वीस किलोंच्या घरात जातं, तेव्हा फळी त्या हिशेबाने ठोका. परदेशातून मागवताना विकणाऱ्याला एक वाक्य लिहा: तबकडी कव्हरातून काढून मागे वेगळी ठेवा. आत राहिली तर प्रवासात हादरे खाऊन ती कव्हराची शिवण फाडते.

शेवटी कॉम्प्युटरवर उतरवून घेण्याबद्दल, कारण इथेच चांगल्या प्रती वाया जातात. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये 24 बिटवर घ्या आणि पातळी मोठ्या हशावर लावा, बोलण्यावर नव्हे. हशाचं टोक उणे 6 डेसिबलच्या आसपास राहू द्या. आपोआप क्लिक काढणारा फिल्टर सगळ्या बाजूवर फिरवू नका. त्याला ओरखड्याचा टक् आणि टाळीचा पहिला फटका यांतला फरक कळत नाही, ‘प’ आणि ‘ट’चे स्फोटही तो खातो, आणि टाळ्या कापसात गुंडाळल्यासारख्या होतात. टक् एकेक करून काढा: मोठं करून बघा, लहरीत दिसणारा तेवढाच काटा निवडा आणि ‘रिपेअर’ वापरा. ते 128 सॅम्पलपर्यंतच चालतं, बहुतेक टक्‌ना तेवढं पुरतं. पॉजमधली हलकी सळसळ काढायला नॉइज गेट (हळू आवाज बंद करणारा फिल्टर) तर लावूच नका. त्या सळसळीत क्लब आहे, कुणाचा ग्लास टेबलावर टेकतोय, मागे कुणी हसू आवरतंय. ती पुसली की दोन वाक्यांमध्ये भोक पडतं आणि पुढचा हशा भिंतीतून आल्यासारखा अंगावर येतो.