न्यूयॉर्कमध्ये भाड्याचं घर गारठलं तर

"घर फार थंड आहे" एवढ्यावर घरमालक हलत नाही. त्याला आकडा दाखवावा लागतो. न्यूयॉर्क शहरात १ ऑक्टोबर ते ३१ मे हा हीट सीझन, म्हणजे या काळात घर गरम ठेवणं मालकाला कायद्याने बंधनकारक. सकाळी ६ ते रात्री १० या वेळात बाहेर ५५ अंश फॅरनहाइटपेक्षा कमी असेल, तर घरात किमान ६८ अंश (२० सेल्सिअस) हवेत. रात्री १० ते सकाळी ६ मात्र बाहेर काहीही असो, आत किमान ६२. हा रात्रीचा नियम अनेकांना ठाऊकच नसतो.

आधी दोष कुठे आहे ते बघा. जुन्या इमारतींत बहुधा एका पाइपवरचे वाफेचे रेडिएटर असतात. इमारतीत हीट चालू असताना रेडिएटरकडे येणारा पाइप गरम आणि रेडिएटर गार, किंवा अर्धाच गरम असेल, तर बहुतेक वेळा बाजूचा छोटा एअर व्हेंट रंगाने किंवा गंजाने बुजलेला असतो. आतली हवा बाहेर पडत नाही, म्हणून वाफ आत शिरत नाही. सुपरला (इमारतीची देखभाल करणाऱ्याला) सांगून तो बदलून घ्या. स्वतः उघडू नका, वाफेने भाजतं. खालचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवा. अर्धवट ठेवला की परतणारं पाणी अडतं आणि पाइप हातोडा मारल्यासारखे वाजतात. पाइपही गार आणि शेजाऱ्यांकडेही तेच, तर दोष बॉयलरचा.

मग नोंद. थर्मामीटर खोलीच्या मधोमध, खिडकी आणि रेडिएटरपासून लांब ठेवा. तारीख, वेळ, आतलं आणि बाहेरचं तापमान लिहा, फोटो काढा. घरमालकाला फोनऐवजी मेसेज किंवा ईमेल करा, म्हणजे पुरावा राहतो.

तरीही काही झालं नाही, तर ३११ या शहराच्या तक्रार क्रमांकावर फोन करून तक्रार क्रमांक टिपून घ्या. शहराचं गृहनिर्माण खातं आधी मालकाशी संपर्क साधतं. नंतर तुम्हाला फोन येतो, हीट आली का विचारायला. तो चुकवू नका. इन्स्पेक्टर येईल तेव्हा घरात कुणीतरी हवं, आणि त्या क्षणी थर्मामीटरने कमी दाखवलं तरच उल्लंघन नोंदतात. म्हणूनच मालक इन्स्पेक्टरच्या आधी बॉयलर पेटवून मोकळा होतो. हीट पुन्हा गेली की पुन्हा तक्रार करा, आणि मजल्यावरच्या सगळ्यांना करायला लावा. अपुरी हीट हे 'सी' वर्गाचं, म्हणजे तातडीच्या धोक्याचं उल्लंघन आहे.

तोवर ओव्हन पेटवून घर तापवू नका, कार्बन मोनॉक्साइड साठतो. इलेक्ट्रिक हीटर एक्स्टेंशनवर नको, थेट भिंतीतल्या प्लगवर लावा. ९ जानेवारी २०२२ ला ब्रॉन्क्समध्ये बिघडलेल्या हीटरमुळे लागलेल्या आगीत १७ माणसं गेली.

पुढची पायरी हाउसिंग कोर्टातली 'एचपी ॲक्शन'. यात न्यायाधीश मालकाला दुरुस्तीचा आदेश देतात. भाड्यात सूटही मागता येते, पण परस्पर भाडं थांबवलं तर मालक थकबाकीचा दावा लावू शकतो. थांबवायचंच असेल तर आधी वकिलाला विचारा आणि ती रक्कम पूर्ण बाजूला ठेवा.