घाटातून मोटरसायकलवर: पुढे जाणाऱ्यांसाठी

सपाटीवरून निघायचं, घाट चढून पलीकडे उतरायचं, मुक्काम करून दुसऱ्या वाटेने परत यायचं, एवढाच बेत होता. गाड्या पाच, त्यातली एक डबलसीट. घाट देखणा आहे, पण त्याचं वर्णन करत बसत नाही. अशा रस्त्यावर जाणाऱ्याला उपयोगी पडेल तेवढंच लिहितो.

आदल्या संध्याकाळी चेनचा ताण, ब्रेक पॅड आणि दिवे बघून घेतले. हवा मात्र सकाळी टायर गार असतानाच भरा. पळून तापलेल्या टायरमध्ये दाब जास्त दिसतो आणि आपण फसतो. डबलसीट गाडीला सामानही बांधलं होतं. मागे ओझं आलं की गाडी मागून बसते, हेडलाइट वर बघायला लागतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून मागच्या टायरची हवा आणि सस्पेन्शनचा ताण मॅन्युअलमध्ये भारासाठी सांगितल्याप्रमाणे वाढवलं, दिव्याचा कोनही खाली घेतला. जड सामान खाली आणि गाडीच्या मध्याजवळ. बंजीच्या दोरीचं सुटं टोक लोंबत ठेवू नका, ते चाकात जातं.

पहिला टप्पा सरळ हमरस्त्याचा. खरा धोका इथेच असतो असं माझं मत आहे, कारण घाटात सगळेच सावध असतात. लॉस एंजेलिसमध्ये 900 मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी करणारा संशोधक हॅरी हर्ट यांचा अहवाल 1981 साली आला. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी सुमारे दोन-तृतीयांश टकरींत त्या दुसऱ्या चालकाने मोटरसायकलचा आधी जायचा हक्क मोडला होता, असं त्यात निघालं. अहवाल जुना आहे, पण आम्हाला एका फाट्यावर त्याची आठवण झाली. बाजूच्या रस्त्याला एक मोटार थांबलेली. चालकाने आमच्याकडे सरळ पाहिलं आणि तरीही गाडी पुढे काढली. आमच्यातल्या पुढच्याची नजर तिच्या पुढच्या चाकावर होती. चाक जेमतेम फिरायला लागलं तेव्हाच आमच्या पुढच्याचा वेग उतरलेला होता, त्यामुळे मोटार आरामात निघून गेली. चालकाच्या नजरेवर विसंबू नका. गाडी हलणार आहे का, हे चाक आधी सांगतं.

अंतराचं गणित एकदा डोक्यात बसवून घ्या. ताशी 80 किलोमीटरला गाडी सेकंदाला 22 मीटर कापते. म्हणजे ब्रेकवर बोट जाईपर्यंतच एवढा रस्ता संपलेला असतो. त्यापुढे वेग दुप्पट झाला की ब्रेक लागून थांबायचं अंतर चौपट होतं. पुढच्या वाहनामागे कोरड्या रस्त्यावर किमान दोन सेकंद ठेवा, ओल्यात चार. मोकळी जागा ठेवली की कोणीतरी त्यात घुसतोच. घुसू द्या, आपण परत मागे सरकायचं.

घाटात चढताना त्रास नाही. आंधळ्या वळणात मात्र जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग हवा. वेग वळणाआधी उतरवा आणि नजर वळणाच्या टोकाकडे ठेवा, कारण गाडी नजरेमागे जाते. समोर खडी दिसली आणि तिच्याकडेच बघत राहिलात, तर चाक तिथेच जाणार. मधल्या रेषेजवळ असाल तर झुकलेल्या गाडीवर तुमचं डोकं रेषेच्या पलीकडे जातं, हेही विसरू नका.

उतारावर डबलसीट गाडीच्या मागच्या ब्रेकमधून करपल्यासारखा वास यायला लागला, मग पेडल मऊ पडलं. ब्रेक सतत दाबून धरला की तो तापतो, ऑइल उकळतं आणि दाब पोचत नाही. गाडी बाजूला घेऊन ब्रेक आपोआप निवू दिला; तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका. नंतर खालचा गिअर टाकून इंजिनवर गाडी उतरवली, ब्रेक थोडा वेळ लावायचा आणि सोडायचा. वेग पटकन मारायचा असेल तर मुख्य काम पुढच्या ब्रेकचं, पण तो हळूहळू दाबत न्यायचा. एकदम आवळायचा नाही, ओल्यात तर नाहीच.

परतीला पावसाने गाठलं. कोरड्या दिवसांनंतरच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते, तेव्हा आडोशाला थांबलो. रस्ता धुऊन निघाला की पकड बरीच सुधारते. रंगवलेले पट्टे, लोखंडी झाकणं आणि पुलाचे लोखंडी सांधे मात्र ओले असेपर्यंत निसरडेच. हात गारठले की ब्रेकवर बोटं उशिरा येतात, तेव्हा जलरोधक हातमोजे सामानाच्या तळाशी ठेवू नका.

हेल्मेटबद्दल एकच: बंद आवळून मागची कड पुढे ढकलून बघा, निघालं तर माप चुकलंय. मोठा मार बसलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदला. आतला फोम एकदा दबला की पुन्हा तेवढा धक्का झेलत नाही. कोणी पडलाच तर श्वास नीट चालू असेल तोवर त्याचं हेल्मेट काढू नका, मान हलू न देता मदत बोलवा.

पाच गाड्या असल्या तर एका रेषेत न जाता एक डावीकडे, पुढची उजवीकडे, अशा आलटून-पालटून चाला, वळणांत मात्र एकामागे एक. नवा चालक पुढच्याच्या लगेच मागे ठेवा. शेवटी ठेवलात तर गाठायला म्हणून तो झेपेल त्याहून जोरात चालवतो.

मुक्कामाला पोचल्यावर चेन कोमट असतानाच तेल द्या. इंजिन बंद ठेवून चाक हातानेच फिरवा. गिअरमध्ये चाक फिरत असताना कापड लावणाऱ्यांची बोटं गेलेली आहेत.