तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्यांच्या हातात कॅमेरा आला आणि दर्जा गेला का?

मी नाशिकमध्ये व्हिडिओ एडिटिंग करतो. हे कळलं की हमखास प्रश्न येतो, "आता काय, ज्याच्या हातात मोबाइल तो डायरेक्टर. दर्जा पार घसरला, नाही का हो?"

मला तसं वाटत नाही. दार सगळ्यांना उघडलं हे फार चांगलं झालं. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, आणि सुरगाण्याकडचा एक मुलगा आपल्या गावचा बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून सोंगं नाचवायचा उत्सव, मोबाइलवर शूट करून टाकायला लागला. फ्रेम हलते, संबळाचा आवाज फाटतो. पण कुठलं सोंग कोणत्या बाजूने येणार हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे, त्यामुळे मुखवटा दिसायच्या आधीच कॅमेरा तिकडे वळलेला असतो. बाहेरून आलेल्या युनिटला हे जमणं कठीण.

दर्जा बिघडतो तो दुसऱ्याच कारणाने. मध्यंतरी जुन्या नाशकातल्या एका तांबट कारागिरावर छोटी फिल्म केली. त्यात एक शॉट होता: ठोके थांबतात, कारागीर हंड्याच्या पोटावरून तळवा फिरवतो, एका जागी बोट ठेवतो, मग तिथेच पुन्हा हातोडी. कारागिरी म्हणजे काय ते त्या तळव्यात दिसत होतं. काम देणाऱ्या एजन्सीने ग्राफ दाखवला, इथे लोक निघून जातात. तळवा काढा, सुरुवातीच्या तीन सेकंदांत ठिणग्या टाका. तांब्याच्या ठोक्यातून ठिणग्या उडत नाहीत हो! हे सांगितलं, तर म्हणाले स्टॉकमधून, म्हणजे दुसऱ्या कुणी शूट केलेल्या तयार दृश्यांतून घ्या.

उलटही घडतं. यूट्यूबवर व्हिडिओ आठ मिनिटांपर्यंत गेला की मध्ये जाहिरात लावता येते, म्हणून पाच मिनिटांचा विषय आठपर्यंत ताणायचा. एकाच आठवड्यात एक गोष्ट तोडायची आणि दुसरी ताणायची, दोन्ही वेळा गोष्टीला काय हवंय हे कोणी विचारतच नाही.

मार्केटिंगचा मला राग नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याचा अंकुर रोज थोडा थोडा टिपून त्याची फिल्म केली, ती दाखवून भांडवल उभं केलं. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला तेव्हाची त्यांची जाहिरात म्हणजे ५७,००० फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, आणि दर फक्त तीन आणे! याहून मोठी आरोळी कुठली? पण ती आरोळी चित्रपट तयार झाल्यावरची होती. पुढे १९१८ मध्ये भांडवलदारांबरोबर नाशकात हिंदुस्थान ही चित्रपट कंपनी निघाली, भागीदारांशी पटेना, आणि हा माणूस सगळं सोडून काशीला गेला. नंतर परतला, पण ते दुखणं मला आजचंच वाटतं. विकणारा माणूस दाराबाहेर उभा असेल तर तो मदतनीस असतो. तोच एडिटिंग टेबलवर येऊन बसला की फिल्म त्याची होते.

म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी आधी पूर्ण फिल्म कापायला लावतो. टायटल, थंबनेल (व्हिडिओचं छोटं चित्र), हुक (सुरुवातीलाच प्रेक्षकाला पकडणारा तुकडा) यांवर बोलायचं ते कट लॉक झाल्यावर, म्हणजे एडिट पक्कं ठरल्यावर. क्लायंटलाही हेच सांगतो. काहीजण दुसरीकडे जातात. जे थांबतात, त्यांना रीलसाठी वेगळा कट मी त्याच पैशात करून देतो.